आडव्या झाडाखाली

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे होता. मुरुड-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा उभ्या करायला दोन-दोन पिढ्या गेल्या होत्या; त्या एका दुपारीत आडव्या झाल्या. ईशान्येचा रोख धरून वादळ मग रायगड जिल्हा तिरका कापत पुण्याच्या दिशेने गेले. कर्जत-खालापूरपर्यंत येता येता त्याचा जोर ओसरू लागला होता, तरी पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, रस्त्यांवर झाडे पडली. मग पंचनामे सुरू झाले. किती घरे, किती खांब, किती कलमे.

पंचनाम्याच्या कुठल्याच रकान्यात न बसणारी एक वस्ती या सगळ्याच्या खाली होती. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, चौकच्या शेजारी लोधिवली आहे. तिथून उत्तरेकडे पाहिले की इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच डोंगररांगेत पुढे प्रबळ आणि माथेरान. या उतारांवरच्या जंगलात झाडांखाली पातेऱ्याचा थर असतो, आणि त्या थरात विंचू, घोणी, पैसे, कोळी, मुंग्या, वाळवी, भुंगेरे राहतात. शिवाय डोळ्यांना धड न दिसणारे स्प्रिंगटेल आणि माइट. सगळे सांध्यांच्या पायांचे, म्हणजे संधिपाद. जगभरच्या जंगलांत त्यांची मोजदाद झाली आहे आणि आकडे ऐकून माणूस थबकतो. एका चौरस मीटर जमिनीत नुसते स्प्रिंगटेल आणि माइटच हजारोंनी भरतात, पुष्कळ ठिकाणी दहा-दहा हजारांनी. जेवायला बसायच्या पाटाखाली मावेल एवढ्या जागेत एका मोठ्या गावाहून जास्त जीव.

झाडे पडली तेव्हा या वस्तीचे काय झाले? उत्तर शोधायला निघालो की पहिलाच धक्का बसतो, कारण वादळाचा वारा त्यांच्यापर्यंत बहुधा पोहोचलेलाच नसतो.

वारा वर, ऊन खाली

वारा जमिनीजवळ येईल तसा मंदावतो. फांद्या, पाने, झुडपे, कारवीचे दाट रान, शेवटी पातेरा. प्रत्येक थर त्याची ताकद खातो. शेंडे मोडत असतात तेव्हा दाट जंगलात पातेऱ्याच्या बोटभर आतली हवा जवळजवळ स्तब्ध असते. तिथल्या दोन मिलिमीटरच्या प्राण्याला डोक्यावरून चक्रीवादळ गेल्याचे कळायचे कारण नाही. त्याच्यापर्यंत वादळ पोहोचते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आभाळ उघडल्यावर, उन्हाच्या रूपाने.

मोठे झाड पडले की त्याच्याबरोबर त्याची सावलीही जाते. वर्षानुवर्षे जिथे फक्त कवडसे पडत होते तिथे भर दुपारचे ऊन थेट जमिनीवर येते. माती तापते, पातेऱ्यातला ओलावा उडतो, रात्री तीच जागा जास्त गार पडते. पानांच्या छताखाली दिवस आणि रात्रीतला फरक थोडा असतो. छत गेल्यावर तो एकदम वाढतो. माणूस घाम पुसून पुढे जातो. पातेऱ्यातल्या प्राण्याला ती सोय नाही.

याचे कारण आकारात आहे. प्राणी जितका लहान, तितके त्याच्या शरीरातल्या पाण्याच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे. आणि पाणी जाते ते कातडीतूनच. म्हणून वादळानंतर जमिनीवर कोण तगेल हे ताकदीपेक्षा कातडीवर ठरते.

स्प्रिंगटेलपासून सुरुवात करू. पोटाखाली दुमडून ठेवलेला एक चिमटा सोडून तो स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट उंच उडतो, पण बहुतेक स्प्रिंगटेलांना कीटकांसारख्या श्वासनळ्या नसतात. ते कातडीतूनच श्वास घेतात, त्यामुळे कातडी ओली राहावीच लागते. पातेरा वाळला की ते मातीत खाली उतरतात किंवा मरतात. पैसा, ज्याला पुष्कळ ठिकाणी वाणी म्हणतात, तो कवच असलेला, हात लावताच गुंडाळी करणारा प्राणी. त्याच्या कवचाला श्वासाची भोके असतात, पण ती घट्ट मिटता येत नाहीत. घोणीचेही तेच. म्हणून हे दोघे रात्री, पावसात किंवा दगडाखाली भेटतात, दुपारच्या उन्हात क्वचितच.

मुंग्या आणि भुंगेऱ्यांचे बरे आहे. त्यांच्या अंगावर मेणाचा पातळ लेप असतो, आणि श्वासाची भोके हवी तेव्हा मिटता येतात. विंचू तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. त्याच्या कवचातून पाणी जवळपास झिरपतच नाही, आणि त्याच्या शरीराचा कारभार इतका संथ की महिनोन् महिने तो खाण्यावाचून काढू शकतो. त्यामुळे छत उडालेल्या जागेत स्प्रिंगटेल आणि पैसे घटतात तेव्हा मुंग्या, उघड्यावर शिकार करणारे कोळी आणि विंचू टिकून राहू शकतात. पाला कुरतडणारे कमी आणि शिकार करणारे जास्त, असा पंगतीचा तोल बिघडतो.

शास्त्रज्ञांनी ही गोष्ट प्रयोगशाळेत फार पूर्वीच वापरली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या आंतोनिओ बर्लेझे यांनी पातेऱ्यातले प्राणी पकडायला एक नरसाळे केले. पुढे स्वीडनच्या टुलग्रेन यांनी त्यावर दिवा टांगला. पातेरा नरसाळ्यात ठेवायचा, वर दिवा लावायचा, खाली बाटली. वरून थर तापत आणि वाळत जातो तसे प्राणी ओलाव्याच्या मागे खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. पडलेल्या झाडाने रानात केलेली मोकळी जागा म्हणजे हेच नरसाळे, फक्त दिव्याच्या जागी सूर्य आणि बाटलीच्या जागी माती. ज्याला खाली उतरायला भुसभुशीत माती सापडली तो वाचला. इर्शाळ-प्रबळच्या उतारांवर पुष्कळ ठिकाणी वीतभर मातीखालीच कातळ लागतो.

एका वादळाची नक्कल

मात्र वादळ एकच गोष्ट करत नाही. ते छत उघडते आणि त्याच वेळी जमिनीवर ओल्या पानांचा, फांद्यांचा ढीग टाकते. ऊन नुकसान करते. ढीग सावली आणि खाणे देतो. यातले कशाचे वजन जास्त?

हा प्रश्न पोर्तो रिकोच्या लुकिओ डोंगरांतल्या शास्त्रज्ञांना सतावत होता. १८ सप्टेंबर १९८९ रोजी ‘ह्यूगो’ वादळ तिथल्या जंगलावरून गेले होते. काय बदलले ते दिसत होते, पण कशामुळे ते सांगता येत नव्हते, कारण उजेड आणि पाला दोन्ही एकदमच आले होते. म्हणून २००४-०५ मध्ये त्यांनी वादळाची नक्कल केली, तीही वेगवेगळ्या तुकड्यांत. ३० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तुकड्यांमध्ये माणसे झाडांवर चढली आणि फांद्या छाटल्या. एका तुकड्यात फांद्या छाटून तिथेच टाकल्या. दुसऱ्यात छाटून सगळा पाला वजन करून उचलून नेला. तिसऱ्यात झाडांना हात लावला नाही, फक्त दुसरीकडचा पाला आणून टाकला. चौथा तुकडा जसाच्या तसा ठेवला.

निकाल असा आला की बहुतेक जीवांवर छत उघडल्याचा परिणाम पाला पडल्याच्या परिणामापेक्षा मोठा होता. वरचा पातेरा वाळला, त्यात जाळे विणणारी बुरशी आक्रसली, पातेऱ्यातल्या प्राण्यांचा समूह बदलला. आणि गंमत म्हणजे पाने कुजण्याचा वेग मंदावला. भरपूर पाला, भरपूर ऊन, म्हणजे सगळे भराभर कुजेल असे वाटते. पण कुजवणारे हात ओलाव्यावर चालतात आणि ओलावाच गेला होता.

पडलेल्या पाल्याचीही एक वेगळी बाजू आहे. एरवी झाड पान गाळते तेव्हा त्यातला बराचसा नत्र आधी परत ओढून घेते; जमिनीवर पडते ते वापरून झालेले पान. वादळ हिरवे पान ओरबाडते, त्यामुळे ते पोषणासकट खाली येते. आपल्याकडे पानझडीच्या जंगलात पाने गळतात ती साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. ‘निसर्ग’ आले तेव्हा ऐन, किंजळ, जांभूळ नव्या पालवीने भरलेले होते. पातेऱ्यातल्या खादाडांसाठी ती अवेळी वाढलेली, सकस पंगत होती, फक्त तिथे पोहोचायला ओलावा हवा.

मृगाच्या चार दिवस आधी

इथे सह्याद्री आणि पोर्तो रिको यांच्यात मोठा फरक पडतो. तिथे बारा महिने पाऊस असतो. आपल्याकडे चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडे.

‘निसर्ग’ आले ते मृग नक्षत्राच्या चार-पाच दिवस आधी. ११ जूनला मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला, १४ ला मुंबईत पोहोचला. म्हणजे छत उघडल्यानंतर उन्हाला जेमतेम आठवडा मिळाला. मग ढगांनीच छत घातले. वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर जून ते सप्टेंबर ओलाव्याची चिंता कुणाला नसते. त्या काळात उघड्या जागेचे संकट वेगळे असते: पातेऱ्याचे पांघरूण फाटलेले असेल तर पाणी माती वाहून नेते. ऊन आपला हिशेब चुकता करायला फेब्रुवारीत येते, जेव्हा शेजारच्या सावलीत थोडा दमटपणा शिल्लक असतो आणि मोकळ्या जागेत नसतो. पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या वादळाचा जमिनीवरचा खरा परिणाम पाहायचा तर आठ-दहा महिने थांबावे लागते, असा तर्क करायला जागा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या प्राण्यांच्या बाजूने आहे. आठ कोरड्या महिन्यांची त्यांना पिढ्यान् पिढ्या सवय आहे. मृगाचा किडाच पाहा. तांबडा मखमली, शेंगदाण्याएवढा, आठ पायांचा. कीटक नव्हेच, कोळ्यांचा नातलग असलेला माइट. पहिल्या सरीनंतर काही दिवस तो वर दिसतो आणि मुले त्याला तळहातावर घेतात. वर्षाचा उरलेला बहुतेक काळ तो मातीखाली काढतो. त्याची पिल्ले सहा पायांची असतात आणि नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचे रस पितात. मोठा झाला की तो दुसऱ्या कीटकांची अंडी खातो आणि पहिल्या पावसात उडालेल्या वाळवीवर ताव मारतो. ३ जूनला तो अजून खालीच होता. वादळ त्याच्या डोक्यावरून गेले.

काजव्यांचे तसे नव्हते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत त्यांचा लखलखाट चालतो; तेव्हा प्रौढ काजवे झाडांवर आणि हवेत असतात. पण काजव्याचे आयुष्य मुख्यतः जमिनीवरचे आहे. दमट मातीत अंडी, त्यातून निघालेली चपटी अळी, जी स्वतःही उजेड देते, आणि महिनोन् महिने गोगलगायी खात फिरणे. उडणारा काजवा हा त्या सगळ्याचा दोन-तीन आठवड्यांचा शेवट. त्यामुळे वादळाने किती प्रौढ काजवे मेले यापेक्षा, वाचलेल्या माद्यांना अंडी घालायला दमट, सावलीची माती कुठे उरली, हा प्रश्न पुढच्या वर्षीच्या लखलखाटासाठी मोठा ठरतो.

उतारांवरच्या पानझडीच्या रानातले प्राणी असे कोरडेपणाला सरावलेले आहेत. माथेरानच्या पठारावरच्या सदाहरित झाडीखाली बारमाही सावली असते आणि तिथल्या पातेऱ्यात राहणाऱ्यांना असा सराव कमी. एकाच वादळात पडलेली सारखीच दोन झाडे, एक पायथ्याला आणि एक पठारावर, जमिनीवर सारखा परिणाम करतील असे धरता येत नाही.

झाड संपते कसे

आता त्या आडव्या झाडाकडे वळू. जांभ्यावर किंवा काळ्या कातळावर वाढलेल्या झाडाची मुळे खोल जाऊ शकत नाहीत, ती आडवी पसरतात. वाऱ्याने झाड कलंडते तेव्हा मुळांची सगळी चकती मातीसकट उभी राहते आणि तिच्या जागी खड्डा पडतो. सपाट जमिनीवर एका झटक्यात दोन नवी ठिकाणे तयार होतात. खड्ड्यात पाणी आणि पाला साचतो, तिथे ओलावा जास्त दिवस टिकतो. उभ्या राहिलेल्या मुळांच्या चकतीवर उघडी, कोरडी मातीची भिंत असते, आणि अशाच भिंतीत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आणि गांधीलमाश्या घरे कोरतात. दाट जंगलात त्यांना उघडी माती सहसा मिळत नाही.

बुंधा मात्र अनेक वर्षे चालणारा कारखाना आहे. आधी साल सैल होते आणि तिच्याखालच्या फटीत घोणी, विंचू, चपटे कोळी शिरतात. शिंगाळ्या भुंग्यांच्या अळ्या लाकडात बोगदे पाडतात. त्या बोगद्यांतून पाणी आणि बुरशी आत जाते. बुंध्याची खालची बाजू, जिथे तो मातीला टेकतो, तिथे भर उन्हाळ्यातही दमटपणा राहतो. छत उडालेल्या जागेत ओलावा शोधणाऱ्या पैशाला आणि स्प्रिंगटेलला तो मोठा आसरा. ज्या झाडाने पडून सावली नेली, तेच झाड आडवे होऊन पोटाखाली थोडी सावली परत देते.

मग वाळवी येते. वाळवी म्हटले की आपल्याला दाराची चौकट आठवते, पण जंगलात तिच्यावाचून लाकडे वर्षानुवर्षे पडून राहिली असती. आपल्याकडे वारुळे उभारणाऱ्या वाळवीला लाकूड नीट पचत नाही. ती ते चावून वारुळात नेते, त्याचे पोळ्यासारखे थर रचते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. लाकूड पचवण्याचे काम बुरशी करते; वाळवी तो तयार माल खाते. पावसाळ्यात हीच बुरशी वारुळातून छत्री बनून वर येते, आणि पायथ्याच्या गावांतल्या ठाकर-कातकरी बायका ती अळंबी रस्त्याकडेला विकायला बसतात. म्हणजे वाऱ्याने पाडलेल्या एखाद्या झाडाचा अंश काही वर्षांनी कुणाच्या तरी ताटात कालवण होऊन येतो.

हा कारखाना किती मोठा आहे याचे मोजमाप अलीकडे झाले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, मृत लाकडातून बाहेर पडणाऱ्या कार्बनपैकी सुमारे २९ टक्क्यांमागे कीटकांचा हात असतो. २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात सहा खंडांतल्या १३३ ठिकाणी लाकडाचे ठोकळे ठेवून पाहिले. तापमान १० अंश सेल्सिअसने जास्त असेल तिथे वाळवीचा लाकूड संपवण्याचा वेग जवळपास ७ पट निघाला. सह्याद्रीसारख्या उष्ण मुलखात झाड किती लवकर मातीला मिळते, त्याचे गुपित यात आहे.

युरोपातली दोन रणांगणे

वादळाने पडलेल्या झाडांचे पुढे काय करावे यावर युरोपात जितके निरीक्षण झाले तितके क्वचितच कुठे झाले असेल. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘व्हिव्हियन’ आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी ‘लोथार’ या वादळांनी स्वित्झर्लंडच्या डोंगरांत प्रचंड झाडे पाडली. तिथल्या संशोधकांनी काही तुकडे साफ केले, काही तसेच ठेवले, शेजारचे उभे जंगल तुलनेला घेतले आणि पुढची कित्येक वर्षे सापळे लावले. जमिनीवरचे सापळे म्हणजे फार काही नाही, काठापर्यंत मातीत पुरलेले पेले. रात्री फिरणारे भुंगेरे आणि कोळी त्यात पडतात.

उभ्या जंगलापेक्षा मोडलेल्या जागेत प्रजाती जास्त निघाल्या. ऊन आवडणारे, फुलांवर जगणारे, मेलेल्या लाकडात वाढणारे असे नवे पाहुणे आले. साफ केलेल्या आणि न केलेल्या तुकड्यांत प्रजातींची संख्या फारशी वेगळी नव्हती, पण प्रजाती वेगळ्या होत्या. दोन्ही प्रकारचे तुकडे शेजारी-शेजारी असले तर सगळ्यात जास्त विविधता. नुसती संख्या पाहून वादळाने भलेच केले म्हणावे, तर जंगलाच्या सावलीत राहणाऱ्या जुन्या रहिवाशांचा विसर पडतो.

त्या जुन्या रहिवाशांचे काय होते ते स्लोव्हाकियाच्या तात्रा डोंगरांत दिसले. १९ नोव्हेंबर २००४ च्या वादळाने तिथे सुमारे १२,००० हेक्टर जंगल आडवे केले. पुढच्या जुलैत त्या पडलेल्या जंगलाच्या एका भागाला आग लागली. त्यामुळे संशोधकांना चार प्रकारच्या जागा मिळाल्या: लाकूड उचललेली, तशीच ठेवलेली, जळालेली आणि वादळातून वाचलेली. जमिनीवर धावणाऱ्या, न उडणाऱ्या मोठ्या जंगली भुंगेऱ्यांना फटका बसला, त्यांच्या जागी मोकळ्या मैदानातले लहान, उडणारे भुंगेरे आले. हा बदल जळालेल्या तुकड्यात सर्वांत तीव्र होता. ज्यांना पंख नाहीत त्यांना परत यायला चालत यावे लागते, आणि दोन सेंटिमीटरच्या प्राण्यासाठी जळालेला उतार ओलांडणे सोपे नाही.

दुसरा घाव

वादळाचा पहिला घाव झाडावर बसतो. तो कुणाला चुकवता येत नाही. दुसरा घाव जमिनीवर बसतो, तो नंतरच्या महिन्यांत, आणि त्यात माणसाचा हात असतो. कर्जत-खालापूरला त्याची तीन रूपे ओळखीची आहेत.

एक, सरपण. रस्त्यावरचे झाड कापावेच लागते. पण मग उतारावरचे, कुणाच्या वाटेत नसलेलेही बुंधे ओंडके करून खाली उतरवले जातात. मोळीभर काटक्या नेल्याने रानाचे फार बिघडत नाही. मोठा बुंधा गेला की पोटाखालचा ओलावा आणि वाळवीचा कारखाना दोन्ही जातात.

दोन, राब. भाताचे रोप टाकण्याआधी उन्हाळ्यात कवळ, शेण आणि पातेरा पसरून जमीन भाजायची ही रायगडची जुनी रीत. शेतकऱ्याच्या बाजूने ती समजण्यासारखी आहे. पण छत उडालेल्या जागेतला पातेराही झाडून नेला तर तिथल्या प्राण्यांचे उरलेसुरले पांघरूणही जाते.

तीन, वणवा. हा सर्वांत वाईट. उन्हाळ्यात आपल्या डोंगरांवर रात्री लाल रेघा दिसतात. सावलीतला पातेरा थोडा दमट असतो, आग तिथे मंद चालते. मोकळ्या जागेत वर्षभर वाळलेल्या फांद्या, वाढलेले गवत आणि कोरडा पातेरा. आगीला एवढेच हवे. तात्रामध्ये वादळानंतर आठ महिन्यांनी जे घडले ते आपल्याकडे एका उन्हाळ्यात घडू शकते. म्हणून वादळानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत जाळपट्टा नेमका अशा मोडलेल्या तुकड्यांभोवती काढायला हवा.

या सगळ्यापलीकडचे एक रूप या भागाने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, अतिवृष्टीत, इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. त्या दुःखापुढे बाकी काही बोलणे लहान वाटते. जमिनीच्या बाजूने एवढेच की दरड ही वाऱ्याच्या पडझडीपेक्षा मुळातच वेगळी आहे. पडलेले झाड माती ठेवून जाते, दरड माती घेऊन जाते. अशा उघड्या जमिनीवर जीव पुन्हा शून्यातून यावे लागतात. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीने आपले बेट निर्जीव करून टाकले. नऊ महिन्यांनी तिथे गेलेल्या फ्रेंच मोहिमेतल्या एदमों कोतो यांना एकच जिवंत प्राणी सापडला, रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याबरोबर तरंगत आलेला एक बारीकसा कोळी. त्याने जाळे विणायला सुरुवातही केली होती.

काय करता येईल

आपल्याकडे या दुसऱ्या घावाचे उत्तर जुन्या काळापासून एका जागी सांभाळलेले आहे, ती म्हणजे देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे लक्ष मुख्यतः वनस्पतींवर होते. कडक देवरायांमध्ये वाळलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक असतो. देवाच्या धाकाने पाळलेल्या त्या दंडकाने आणखी कुणाला राखले, हे जमिनीशी वाकले की दिसते: पडलेले झाड जागीच संपते, आणि त्याच्याबरोबर ओलाव्यावर जगणाऱ्यांची पूर्ण साखळी टिकते.

प्रत्येक डोंगर देवराई करता येणार नाही, आणि गरजही नाही. स्विस अनुभव सांगतो की काही तुकडे साफ आणि काही तसेच, अशी सरमिसळ चांगली. वाट, घर, वीजवाहिनी यांच्यावरचे लाकूड उचलावे. उतारावरचा जाड बुंधा मात्र राहू द्यावा, निदान आडवा, समपातळीत, म्हणजे तो वाहणारी मातीही थोडी अडवेल.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी एखादा जुना ओंडका हळूच उचलावा आणि पाहून झाल्यावर जसा होता तसा परत ठेवावा. उलटा टाकला तर खालचा ओलावा तासाभरात उडतो. हात घालण्याआधी काठीने चाचपावे. कोकणचा तांबडा विंचू अशाच जागी असतो आणि त्याचा दंश हृदयावर येतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने अशा रुग्णांना वाचवण्याचा मार्ग घालून दिला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वादळानंतर पडलेली कौले आणि लाकडे उपसतानाही ही काळजी तितकीच हवी. अतिनील टॉर्च असेल तर रात्री दुरूनच पाहावे, विंचू हिरवट-निळा चमकतो.

पुढचे वादळ येईल का, हा प्रश्न उरलेला नाही. ‘निसर्ग’ला वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. वाऱ्यावर आपला ताबा नाही. त्यानंतरच्या महिन्यांत कुऱ्हाड, काडीपेटी आणि झाडू कुठे चालवायचा हे मात्र ग्रामपंचायत, वनखाते आणि वाडीतली माणसे मिळून एका बैठकीत ठरवू शकतात. पंचनाम्यात एक रकाना वाढवला तरी सुरुवात होईल: रानात जागीच ठेवलेले बुंधे किती.